काळा धागा आणि जुळी बहीण

जुन्या अद्भुत, वैज्ञानिक आणि रहस्यप्रधान चित्रपटांची गोडी असणाऱ्या रसिकाकडे आपल्या टीकाकारांनी आजवर दोनच दृष्टींनी पाहिले आहे: एक तर बालबुद्धीचा म्हणून त्याला माफ केले आहे, किंवा गतकाळाच्या आठवणींत रमणारा म्हणून त्याची कीव केली आहे, आणि ही गोडी विवेकाची, तारतम्याची, प्रसंगी कठोर निवड करणारी असू शकते, ही शक्यता विचारात घेण्याची तसदी सहसा कोणी घेतलेली नाही. वस्तुतः जुने झाले म्हणून कोणतेही चित्र चांगले होत नाही, आणि पडद्यावरचा दोर दिसला म्हणून ते वाईटही ठरत नाही. या जातीच्या चित्राची योग्यता त्यातील करामतीच्या सफाईवर फारशी अवलंबून नसते. ती करामत कोणत्या भावनेच्या चाकरीत आहे, यावर ती अवलंबून असते. आपल्याकडे अद्भुताला श्रद्धेची चाकरी मिळाली, रहस्याला संगीताची मिळाली, आणि विज्ञानकथा मात्र बिनचाकरीचीच राहिली, असा माझ्या म्हणण्याचा इत्यर्थ आहे.

आरंभ अर्थात दादासाहेब फाळक्यांपासून. छायाचित्रण आणि मुद्रण या दोन व्यवसायांत हात बसलेल्या या गृहस्थाने जादूचे प्रयोगही शिकून घेतले होते, आणि स्वतःचे आडनाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते रंगमंचावर करूनही दाखवले होते. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस हाही मूळचा जादूगारच, आणि त्याने १९०२ मध्ये चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा रुतवून जगाला हसवले, हे सर्वश्रुत आहे. परंतु मेलिएसच्या चंद्रावर कोणाची श्रद्धा नव्हती आणि फाळक्यांच्या रामकृष्णांवर सगळ्या प्रेक्षकवर्गाची होती, या एका भेदाने दोघांच्या कलेचे भवितव्य निराळे ठरले. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या, आणि तरीही राम पडद्यावर येताच लोक पादत्राणे काढून ठेवीत असे सांगतात. अशा प्रेक्षकापुढे करामत दाखवणाऱ्याला दोष लपवण्याची धास्ती नव्हती. त्याच्या चुकांची भरपाई भक्ती आधीच करून बसली होती.

फाळके स्वतः मात्र या भक्तीच्या आधाराने निर्धास्त झालेले दिसत नाहीत. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा आरंभ पाहावा. कृष्णाची भूमिका करणारी त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिचा नुसता चेहरा प्रथम आपल्यासमोर येतो. ती एकामागून एक भाव मुद्रेवर आणून दाखवते, आणि मग त्याच मुलीवर किरीट आणि आभूषणे हळूहळू उमटून ती कृष्ण होते. म्हणजे देव कोणाचा बनवला आहे हे निर्मात्याने आधीच उघड केले, आणि मग त्याच देवाला डोहात कालियाशी झुंजायला पाठवले. तरी कोणाच्या भक्तीला धक्का बसला नाही. या उघडेपणात जो आत्मविश्वास आहे तो नंतरच्या फार थोड्या लोकांत आढळतो. शिवाय त्या काळचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा असल्यामुळे एकाच फितीवर दोन वेळा चित्रण करायचे झाल्यास भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकायचा, दांड्याचे फेरे मोजायचे, अंधारात फीत मागे गुंडाळायची आणि दुसरा अर्धा भाग तितक्याच फेऱ्यांत उरकायचा, असा तो मामला होता. मोजणीत हयगय झाली की दोन्ही वेळचे श्रम एकदमच वाया जात.

प्रभातकारांनी या वारशात एक अमूल्य भर घातली, ती म्हणजे चमत्काराशेजारी संसार उभा करण्याची. दामले–फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) शत्रूची माणसे कीर्तनात बसलेल्या शिवाजीला पकडायला येतात, तेव्हा त्यांना जिकडे पाहावे तिकडे शिवाजीच दिसू लागतो, ही युक्ती तंत्रदृष्ट्या साधी असली तरी तिच्यातील विनोद आणि धाक एकाच वेळी अनुभवास येतात. अखेरीस वैकुंठाला जाणारे विमान आजच्या डोळ्यांना लाकडाचे आणि कापडाचे दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या वेळेपर्यंत गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई, पायातली वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरणारी ती रोखठोक बाई, आपल्या मनात इतकी घट्ट बसलेली असते की विमान कशाचे आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. मागे राहणाऱ्या बाईचे पुढे काय, हीच चिंता लागते. व्हेनिसच्या १९३७ च्या प्रदर्शनात या चित्राची वाखाणणी झाली, तिचे कारणही विमान नसावे. ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) भिंत चालते ती अधिक सफाईने चालते, पण मला तरी ती तितकी हलवत नाही.

यानंतरची पुष्कळशी पोशाखी चित्रे, अल्लाउद्दिन, हातिम आणि सिंदबाद यांच्या नावांवर खपलेली, झटपट ओलांडून जाण्याच्या योग्यतेची आहेत. अपवाद एका माणसाचा करावा लागतो. बाबूभाई मिस्त्री यांनी विजय भट्टांच्या ‘ख्वाब की दुनिया’साठी (१९३७) अदृश्य मनुष्याचे खेळ रचले, ते काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू हलवून, आणि त्यामुळे धंद्यात त्यांना ‘काळा धागा’ हेच नाव पडले. पुढे वाडियांच्या बसंत पिक्चर्सच्या ‘हातिम ताई’पर्यंत (१९५६) आणि स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘संपूर्ण रामायण’पर्यंत (१९६१) हा धागा पुरला. ‘ट्रिक फोटोग्राफी’ हे शब्द त्या काळी जाहिरातीत नटांच्या नावांच्या पंक्तीला बसत, आणि प्रेक्षक ते वाचून तिकीट काढी. म्हणजे आपण फसवले जाणार आहोत हे त्याला ठाऊक होते आणि फसवणुकीचा दर्जा तो पारखून घेत होता.

रहस्यपटाचे प्रकरण निराळे, आणि माझ्या मते अधिक समृद्ध आहे. १९४९ मध्ये बॉम्बे टॉकीजने कमाल अमरोहींच्या हाती ‘महल’ सोपवला, त्या दिवसापासून हिंदी पडद्यावरील भुताचा एक शिरस्ता ठरून गेला: भूत स्त्रीचे असावे, तिने पांढरे नेसावे, तिने गावे, आणि अखेरच्या रिळात ते भूत नसल्याचे सिद्ध व्हावे. ‘महल’मधील प्रेतात्मा शेवटी माळ्याची मुलगी निघते. ‘बीस साल बाद’मध्ये (१९६२) कॉनन डॉइलच्या शिकारी कुत्र्याच्या कथेची छाया स्पष्ट आहे आणि तेथेही खुनी हाडामांसाचाच निघतो. राज खोसलांच्या ‘वह कौन थी’मध्ये (१९६४) तर सगळ्या पिशाच्चलीलेचा उलगडा वारसाहक्काच्या दाव्यापाशी येऊन थांबतो, मृत्युपत्रातील एका कलमापायी नायकाला वेडा ठरवण्याचा तो बनाव असतो, आणि भुताच्या जागी जुळी बहीण हजर केली जाते. परलोकाची इतकी सिद्धता करावी आणि निकाल दिवाणी कोर्टात लागावा, हे पाहून प्रथमदर्शनी हसू येते.

तथापि या शेवटाला नुसते हसून भागणार नाही. ज्या काळात पौराणिक चित्रांतून देव राजरोस प्रकट होत होते, त्याच काळात भुताला मात्र पुराव्यानिशी खोटे पाडल्याशिवाय चित्र संपवायचे नाही हा दंडक पाळला गेला. चमत्कार शाबीत आणि पिशाच्च नामंजूर, अशी ही विलक्षण वाटणी झाली. सुशिक्षित प्रेक्षकाला भुतावर विश्वास ठेवण्याची लाज वाटत होती, पण भिण्याची हौस तर होती. या दोहोंत जो तह झाला तोच रहस्यपट. पहिले अडीच तास भीतीचे, शेवटची दहा मिनिटे बुद्धीची. बुद्धीच्या वाट्याला आलेली ती दहा मिनिटे जवळजवळ प्रत्येक चित्रात सर्वांत दुबळी असतात, ही गोष्टही बोलकी आहे.

मग त्या अडीच तासांचे श्रेय कोणाकडे जाते? कथेकडे क्वचितच. ‘महल’ घ्या. जर्मनीहून आलेल्या जोसेफ वर्शिंग या छायालेखकाने त्या हवेलीतील अंधार असा काही विभागला आहे की प्रत्येक खांबामागे कोणी उभे असल्याची शंका यावी. आणि खेमचंद प्रकाशांच्या चालीतले लता मंगेशकरांचे ते विख्यात गीत दुरून जवळ येत जाते, ते ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या म्हणून. पहिल्या तबकड्यांवर गायिकेचे नाव छापले गेले ते ‘कामिनी’, म्हणजे कथेतील पात्राचे. एका तरुण गायिकेच्या पावलांनी जे साधले ते आजच्या यंत्रसामग्रीला साधत नाही असे मी म्हणणार नाही. साधते, परंतु त्यासाठी थांबण्याची तयारी लागते, आणि ती यंत्राबरोबर येत नाही. ‘वह कौन थी’चा आरंभही याच कोटीतला: मुसळधार पाऊस, मोटारीच्या काचेवरचा पाण्याचा पट्टा पुसणारी काडी बंद पडलेली, आणि शेजारी बसलेली अनोळखी स्त्री शांतपणे रस्ता सांगते आहे, कारण तिला दिसते आहे. येथे करामत शून्य आहे. एक साधे यंत्र बिघडवून दिग्दर्शकाने काम भागवले.

मराठीने या प्रकारात एकच चित्र असे दिले की ज्याची नक्कल हिंदीने करावी. राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा पुढे राज खोसलांनीच ‘मेरा साया’ (१९६६) म्हणून पुन्हा केला, आणि दोन्ही लागोपाठ पाहणे ही समीक्षेची उत्तम शाळा आहे. पत्नीला अग्नी देऊन आलेल्या वकिलासमोर तिच्याच चेहऱ्याची स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि मीच तुमची पत्नी म्हणते. कोर्टातली जबानी आणि उलटतपासणी यांवरच सगळी इमारत उभी. खोसलांनी तिला राजवाडे, तलाव आणि मदनमोहनांचे संगीत दिले, नायिका म्हणून साधना दिली, आणि कोणाची तक्रार राहिली नाही. परंतु परांजप्यांच्या चित्रातील कोंदट ताण, काशीनाथ घाणेकरांच्या चेहऱ्यावर प्रत्येक उत्तरानंतर उमटणारी ती अनिच्छेची खात्री, त्या ऐश्वर्यात विरघळून गेली. बाबूराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथा हातोहात खपवणाऱ्या भाषेत असे दुसरे चित्र सहजी का झाले नाही, याचा जाब निर्मात्यांनी द्यायला हवा.

विज्ञानकथेच्या खात्यावर जमा जवळजवळ नाही. १९६७ मध्ये दारासिंगांना ‘चाँद पर चढाई’साठी धाडण्यात आले, तेथे जाऊन त्यांनी कुस्तीच केली, आणि दोनच वर्षांनी खरी माणसे चंद्रावर उतरून दगड वेचून आली. द्रव्याचा अभाव ही याबाबतची नेहमीची कैफियत आहे आणि ती फेटाळण्याजोगी आहे. रॉड सर्लिंग यांची ‘ट्वायलाइट झोन’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९५९ ते १९६४ या काळात १५६ भागांनी पूर्ण झाली, त्यातले बहुसंख्य भाग त्यांनी स्वतः लिहिले, आणि अनेकांचा सरंजाम एका खोलीपलीकडे जात नाही. १९६० मधील एका भागात रुग्णालयाच्या खाटेवर एक स्त्री आहे, तिचा चेहरा पट्ट्यांनी झाकलेला आहे, तो कुरूप असल्याने दुरुस्त करण्याचा हा शेवटचा प्रयत्न आहे. आणि आजूबाजूचे डॉक्टर-परिचारिका सतत सावलीत किंवा पाठमोरे ठेवलेले आहेत. पट्ट्या निघतात तो चेहरा सुंदर असतो आणि उजेडात आलेले डॉक्टर डुकरासारख्या तोंडाचे. यात खर्च झाला तो काही मुखवट्यांचा आणि बऱ्याचशा विचाराचा.

विचार आपल्याकडे होता. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला होता. नारायण धारपांनी भय आणि विज्ञान यांच्या सीमेवर चिकाटीने लिहिले. आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली तेव्हापासून या साहित्याला प्रतिष्ठाही आली. परंतु पडद्यावरील विस्मयाचा सगळा मक्ता देवादिकांकडे असल्यामुळे यंत्राने विस्मित करावे अशी मागणीच निर्माण झाली नाही, आणि कथालेखक व चित्रनिर्माता यांचा व्यवहार जुळला नाही. रहस्याच्या बाबतीत मात्र दूरदर्शनने १९८० नंतर सुमीत राघवन यांच्यासह ‘फास्टर फेणे’ आणला, पंकज कपूरच्या हातात गाजर देऊन ‘करमचंद’ चालवला, १९९३ मध्ये बासू चटर्जींकडून रजित कपूरचा ‘ब्योमकेश बक्षी’ घेतला. शेवटचा त्यातला अस्सल. धोतर नेसलेला, चेहऱ्यावर घाई नसलेला हा सत्यान्वेषी आजही टवटवीत वाटतो, कारण बासूदांनी कलकत्त्याचा काळ सजवला नाही, नुसता वापरला.

हे सगळे पाहायचे कशावर, हा प्रश्न अलीकडे सुटल्यासारखा वाटतो, पण तसे नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांच्या खटपटीने फाळक्यांची जी काही रिळे हाती लागली ती लागली. २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारास आग लागून जुन्या नायट्रेट फिती मोठ्या संख्येने जळाल्या. इंग्लंडात तरी काय, बीबीसीने ‘डॉक्टर हू’च्या जुन्या भागांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या, आणि त्यांचा आवाज उरला तो घरी ध्वनिमुद्रण करून ठेवणाऱ्या प्रेक्षकांमुळे. आज जे सहज मिळते त्यात नव्याने रंग चढवलेल्या, गाणी छाटलेल्या, कडा कापून आडव्या पडद्यात कोंबलेल्या प्रती पुष्कळ आहेत. वर्शिंगचा अंधार उजळून दाखवणे म्हणजे तो नष्ट करणे होय, आणि गाणे छाटलेला रहस्यपट ही तर त्याची फक्त दुबळी दहा मिनिटे शिल्लक ठेवण्याची युक्ती.

ज्याला शेवट आधीच कळलेला आहे त्याने ही चित्रे बेलाशक पाहावीत. किंबहुना दुसऱ्या खेपेसच त्यांची खरी परीक्षा होते. ‘वह कौन थी’ पुन्हा पाहताना कोणत्या प्रसंगी कोणती बहीण समोर आहे याचा हिशेब मांडत बसावे. काही ठिकाणी तो जुळत नाही, दिग्दर्शकाने सरळ लबाडी केली आहे हे ध्यानात येते, आणि साधनेच्या नजरेकडे पाहून ती माफ करण्याचा मोह होतो. ‘पाठलाग’मध्ये हिशेब पुष्कळ अंशी जुळतो, आणि म्हणून माझ्या मते तेच चित्र वरचे आहे.