संदर्भ केवळ पत्ता नव्हे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. मूळ मुद्रणात परिच्छेदांखाली स्रोतांचा निर्देश नाही. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ‘भगवान बुद्ध और उनका धर्म’ हा हिंदी अनुवाद करताना त्रिपिटक, अट्ठकथा व संस्कृत साहित्य धुंडाळून हे स्रोत शोधले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत अकराव्या खंडाला पूरक म्हणून पाली व अन्य स्रोतांचा स्वतंत्र ग्रंथही निघाला. या परिश्रमांचे ऋण मान्य करूनच आम्ही पुढील विचार मांडत आहोत.

संदर्भसूची मजकूर कोठून आला हे सांगते. तो कसा आला हे सांगत नाही. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रकरण पाहावे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा कलह धम्मपद-अट्ठकथेत सुखवग्गाच्या आरंभी येतो. मात्र तेथे तो मिटवणारे बुद्धत्व प्राप्त झालेले तथागत आहेत. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात शस्त्रधारणेतून उपजणारे भय आणि त्यातून झालेला संवेग आहे. परंतु रोहिणीचा वा कोलियांचा उल्लेख नाही. या सुत्ताचा गृहत्यागाशी संबंध धर्मानंद कोसंबींनी जोडला होता. बाबासाहेबांनी मात्र या कलहालाच परिव्रज्येचे कारण ठरवून एक सुसंगत व बुद्धिगम्य चरित्र उभे केले. येथे नुसते ‘धम्मपद-अट्ठकथा’ असे लिहिल्यास श्रद्धाळू वाचक संपूर्ण प्रसंग पालीत जसाच्या तसा आहे असे समजेल. आणि मूळ उघडून पाहणारा टीकाकार ग्रंथकर्त्यावर विपर्यासाचा आरोप ठेवील. दोघेही चुकतील, आणि दोघांच्या चुकीचे कारण अपुरा संदर्भच असेल.

दुसरी अडचण क्रमांकांची. कालामांना केलेला उपदेश अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात आहे. काही आवृत्त्यांत त्याचा क्रमांक ६५, तर काहींत ६६ आहे. आवृत्तीचे नाव न देता केवळ अंक दिला, तर वाचक भलत्याच सुत्तापाशी पोहोचतो. म्हणून निकाय, निपात, सुत्ताचे नाव आणि वापरलेली आवृत्ती या चारही बाबी नोंदवाव्यात. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून निघालेले देवनागरी त्रिपिटक आपल्या वाचकांना लिपीने जवळचे आहे. पाली टेक्स्ट सोसायटीच्या खंड-पृष्ठांबरोबर त्याचाही निर्देश असणे इष्ट होय.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक संदर्भापुढे ‘अनुवाद’, ‘संक्षेप’, ‘पुनर्रचना’ किंवा ‘ग्रंथकर्त्याचे विवेचन’ यांपैकी एक शब्द असावा. यामुळे बाबासाहेबांच्या ग्रंथाचे मोल घटेल अशी भीती काहींना वाटते. आम्हांस ती निराधार वाटते. जेथे त्यांनी परंपरा तशीच ठेवली नाही, तेथेच त्यांची प्रज्ञा सर्वाधिक दिसते. ती जागा झाकून ठेवणे हा आदर नव्हे. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा ग्रंथप्रामाण्य एवढ्यावरच विसंबू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांनी आपल्या सर्वांत प्रिय ग्रंथालाही हीच कसोटी लावावी. विहारात वाचन करणाऱ्या उपासकाला मूळ वचन स्वतः उघडून पाहता आले, म्हणजे संदर्भाचे कार्य सिद्धीस गेले.