लोअर परळमध्ये काय खावं?

‘या भागात जायलाच हवं अशी दहा ठिकाणं’ छापाचं लेखन आपण साहित्यात मोजत नाही. त्याची समीक्षाही कोणी करत नाही. पण माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी शहराबद्दल जे काही वाचलं असेल, त्यात कादंबऱ्यांपेक्षा याच लेखांचा वाटा मोठा आहे. पुण्यात बालेवाडी, बंगळुरूत इंदिरानगर, मुंबईत लोअर परळ: नोकरीला लागल्यावर नवं शहर आम्हाला भेटतं ते याच यादीतून. म्हणून हा लेखनप्रकार गांभीर्याने वाचायला हवा, असं मला वाटतं. उदाहरण लोअर परळचंच घेतो, कारण या भागाबद्दल असे लेख गेली वीसएक वर्षं सातत्याने लिहिले जात आहेत आणि प्रत्येक लेखात हा भाग नुकताच ‘उदयाला’ आलेला असतो.

आधी या लेखांचं श्रेय त्यांना देऊ. चांगला खाद्यलेखक नीट चव घेतो, नीट सांगतो. कमला मिलच्या आवारात २०१५ साली सुरू झालेल्या ‘द बॉम्बे कॅन्टीन’बद्दल जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं मनापासूनचं होतं. आपल्या प्रादेशिक पदार्थांना, हंगामी भाज्यांना मोठ्या रेस्टॉरंटच्या मेन्यूवर मानाची जागा मिळाली, ही दखल घेण्यासारखीच गोष्ट होती. एकट्या मुलीला रात्री कुठे निवांत बसता येईल, दोघांचं बिल किती होईल, स्टेशनवरून चालत जाता येईल का, ही माहिती कुठलाही गंभीर निबंध देत नाही. यादी देते.

अडचण सुरू होते ती दुसऱ्या परिच्छेदात. तिथे इतिहासासाठी एक वाक्य राखून ठेवलेलं असतं. एकेकाळी इथे कापडगिरण्या होत्या, मग त्या बंद पडल्या, आणि आता या भागाचा कायापालट झाला आहे. या वाक्यात कर्ताच नाही. गिरण्या बंद ‘पडतात’, कायापालट ‘होतो’. कोणी काही करत नाही. पाऊस पडावा तसं सगळं घडतं.

प्रत्यक्षात घडलं ते तारखांनिशी सांगता येतं. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. आता पूर्ण जमिनीची नव्हे, फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची वाटणी करायची. म्हणजे भाजक तोच राहिला, भाज्य बदललं. ज्यांनी शाळेत भागाकार केला आहे त्यांना शहराच्या वाट्याचं काय झालं हे वेगळं सांगायला नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ साली ती दुरुस्ती कायम राहिली. आज आपण ज्या उंच छताखाली बसून जेवतो, ते छत या भागाकारातून आलेलं आहे. हे सांगायला यादीतल्या लेखाला चार ओळी पुरल्या असत्या.

पण इतिहास हवा, एवढंच माझं म्हणणं नाही. खाण्याबद्दलचा लेख आहे, तर खाण्याबद्दलच बोलू. या लेखांची सगळ्यात मोठी उणीव खाण्याचीच आहे. रेस्टॉरंट येण्याआधी इथे जणू कोणी जेवतच नव्हतं!

कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष इथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. बायको-मुलं गावी. त्यांना जेवू घालायच्या त्या याच चाळींमधल्या बाया, त्यांच्या खानावळींतून. दहा-बारा, कधी त्याहून जास्त माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक दहा बाय दहाच्या खोलीत. हिशोब महिन्याचा, पगार झाला की पैसे. तोवर किराणा उधारीवर, उधारी व्याजावर. संप झाला की कामगाराचा पगार थांबायचा, पण त्याचं जेवण थांबवणं बाईला जमायचं नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. तारण ठेवायला काही नसलेल्या बायकांना त्यांच्या स्वयंपाकाच्या भरवशावर कर्ज! मुंबईच्या खाद्यसंस्कृतीच्या इतिहासात याहून महत्त्वाच्या घटना फार नसतील. तरी लोअर परळच्या ‘फूड सीन’वरच्या लेखांत हे नाव मला आजवर दिसलेलं नाही.

‘द बॉम्बे कॅन्टीन’चा पत्ता ‘प्रोसेस हाउस’ असा आहे. प्रोसेस हाउस म्हणजे गिरणीतला तो विभाग, जिथे कापड धुवून, ब्लीच करून, रंगवून तयार होतं. नावात कॅन्टीन, पत्त्यात खातं. लेखकाला आयता हाती आलेला धागा आहे हा. कोणी तो ओढून पाहत नाही, कारण यादीत प्रत्येक ठिकाणाला साठ शब्दच मिळतात आणि त्यातले वीस कॉकटेलला जातात.

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यामुळे यामागची यंत्रणा मला थोडी ओळखीची आहे. शोधयंत्र जगात काय आहे ते दाखवत नाही. त्याच्या नोंदवहीत काय आहे ते दाखवतं. ज्या जागेला नाव, फोटो, वेळ आणि तारे आहेत तीच यादीत येऊ शकते. माझा दुपारचा डबा डिलाईल रोडवरच्या एका चाळीतून येतो. त्या काकूंना तारे नाहीत, पाटी नाही, त्यांचा मेन्यू म्हणजे त्या दिवशी बाजारात जे बरं मिळालं ते. सोळा-सतरा डबे जातात, सगळे आमच्यासारख्या काचेच्या इमारतींत. खानावळ संपली असं आपण म्हणतो; माझ्या मते ती नोंदवहीतून गळली आहे. यंत्राला ते कळत नाही, हे समजू शकतं. पण लेखक पायी फिरू शकतो. नोंदवहीत नसलेलं पाहणं हेच तर त्याचं काम. ते तो करणार नसेल, तर यादी यंत्रालाच करू द्यावी.

यापुढचा मुद्दा चवीचा नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. गिरण्यांच्या जागी कार्यालयं उभी राहिली, माणसं वाढली, पूल तेवढाच राहिला. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ जण गेले, त्यातले अनेक शौचालयात धुराने गुदमरून. त्या गच्चीवर जे गेले ते आपल्यासारखेच वाढदिवस साजरा करायला, मित्रांना भेटायला गेले होते. ‘इथे जा’ असं सांगणाऱ्याने बाहेर पडायची वाट किती रुंद आहे हे बघू नये का? दिवे, सजावट, गाण्यांची निवड यांवर ओळी खर्च होतात. जिन्यावर एकही ओळ नसते. मला हा या लेखनप्रकाराचा शैलीदोष वाटत नाही. ही जबाबदारी झटकणं आहे.

आता दुसरी बाजू. गिरणगावावर मराठीत मोठं लेखन झालं आहे. जयंत पवारांचं ‘अधांतर’ संपानंतरच्या एका कामगार कुटुंबाची गोष्ट सांगतं आणि त्यातलं कोणीही प्रतीक म्हणून येत नाही, माणूस म्हणून येतं. त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या सावलीत वाढलेला हळहळीचा लेख हा आता एक वेगळा साचा झाला आहे. त्यात भोंगा वाजतो, चिमणी पडते, मॉल उभा राहतो आणि लेखक उसासा टाकतो. या लेखात मॉलमध्ये जाणारा प्रत्येक जण परका असतो. पण मॉलच्या दारावरचा सुरक्षारक्षक, रेस्टॉरंटमधली भांडी घासणारा, रात्री अकराला पार्सल पोचवणारा मुलगा कुठून येतो? आणि तिथे पहिल्या पगारात आईला जेवायला नेणारी लालबागची मुलगी परकी कशी? यादीला भूतकाळ दिसत नाही, हळहळीला वर्तमान. दोघांनाही आज इथे राहणारी माणसं दिसत नाहीत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाच्या वर अर्ज आले आहेत, आणि कित्येकांना दाखवली जाणारी घरं शेलू-वांगणीला आहेत. हा विषय कालचा नाही.

मग लोअर परळवरचा चांगला लेख कसा असेल? तो वाचकाला चालवेल. लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याचा ठसका घ्यायला लावेल, चिवडा गल्लीतून पुढे नेईल, ‘लाडू सम्राट’मध्ये कोथिंबीर वडी खायला बसवेल. ‘भारतमाता’ सिनेमागृह कुठल्या जमिनीवर उभं आहे ते सांगेल. शंभरी गाठलेलं परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झालं, याचीही आठवण करून देईल. संध्याकाळी प्रोसेस हाउसमध्ये नेऊन, पदार्थ खरंच चांगला असेल तर तसं मोकळेपणाने म्हणेल. बिलाचा आकडा देईल, आणि त्याच आकड्यात महिन्याचे किती डबे येतात तेही. बाहेर पडायचे रस्ते मोजून सांगेल.

असा लेख लिहायला साठ शब्दांची चौकट पुरणार नाही आणि उसासाही पुरणार नाही. एक पूर्ण दिवस आणि चांगली भूक, एवढं मात्र लागेल.