धातुपृष्ठावरील पाण्याचा थर : द्विस्तरीय प्रतिमानाची चिकित्सा

धातूच्या पृष्ठभागावर पाण्याचा पहिला थर बर्फाच्या षट्कोनी जाळीप्रमाणे बसतो, हे गृहीतक दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. १९८२ मध्ये डोअरिंग व मॅडी यांनी रुथेनियमच्या संदर्भात मांडलेल्या द्विस्तरीय प्रतिमानात निम्मे रेणू धातूला चिकटलेले व उरलेले सुमारे एक अँगस्ट्रॉम वर उचललेले कल्पिले होते. प्रतिमान सुबक होते. त्याच्या दीर्घायुष्याचे कारणही बहुधा हेच असावे. मात्र हेल्ड व मेन्झेल यांनी १९९४ मध्ये जड पाण्याच्या थरावर केलेल्या इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या अभ्यासात ऑक्सिजनचे अणू जवळजवळ एकाच पातळीत आढळले. २००२ मध्ये फायबेलमन यांनी गणनेच्या आधारे त्याचा खुलासा केला : निम्म्या रेणूंमधील एकेक ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटलेला असावा. येथे आक्षेप उंचीपुरता उरत नाही. हा थर निव्वळ पाण्याचा आहे काय, असाच प्रश्न उपस्थित होतो. पुढे तांब्याच्या एका पृष्ठावर पंचकोनांच्या साखळ्या (२००९), तर प्लॅटिनमवर पंचकोन, षट्कोन व सप्तकोन एकत्र (२०१०) आढळले. धातूची ओढ आणि शेजारच्या रेणूंशी असलेला हायड्रोजन बंध यांचा तोल प्रत्येक धातूवर निराळा पडतो. रुथेनियमवरील निष्कर्ष प्लॅटिनमला सरसकट लावण्याची प्रथा त्यामुळेच सदोष ठरते.