उद्योजकता शिक्षण आणि विद्यार्थ्यांचा उद्योजकीय हेतू : गिरणगावाच्या संदर्भात एक चिकित्सा

महाविद्यालयीन पातळीवरील उद्योजकता शिक्षणाचे यशापयश मोजण्याची एक पद्धत आता रूढ झाली आहे. अभ्यासक्रमाच्या आरंभी व अखेरीस विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यावयाची, व्यवसाय सुरू करण्याच्या निश्चयाविषयीच्या विधानांना गुण द्यावयाचे आणि सरासरी वाढली की शिक्षण परिणामकारक ठरले असा निष्कर्ष काढावयाचा. या पद्धतीमागे आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये सविस्तर मांडलेली नियोजित वर्तनाची उपपत्ती आहे. व्यक्तीची वृत्ती, जवळच्या माणसांच्या अपेक्षा आणि ‘हे आपल्याला जमेल’ ही भावना यांतून हेतू घडतो व हेतूतून कृती, असे तिचे सूत्र आहे. उपपत्तीत वावगे काही नाही. तिचा पहिला अर्धा भाग मोजून थांबणे मात्र वावगे आहे.

परदेशातील पुरावाही एकमुखी नाही. सुइटारिस आणि सहकाऱ्यांना २००७ मध्ये लंडन व ग्रनोबल येथील विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत हेतू वाढल्याचे आढळले. परंतु ती वाढ ज्ञानापेक्षा मिळालेल्या प्रेरणेशी निगडित होती. ऊस्टरबीक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेदरलँड्समधील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष छोटी कंपनी चालविण्याचा कार्यक्रम तपासला, तेव्हा हेतू चक्क घटल्याचे दिसले. २०१४ मध्ये बे आणि सहकाऱ्यांनी ७३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात शिक्षण व हेतू यांचा संबंध सकारात्मक पण क्षीण निघाला, आणि विद्यार्थ्यांचा मूळचा हेतू हिशेबात धरताच तोही लक्षणीय राहिला नाही. ज्याला मुळातच धंदा करावयाचा आहे, तोच ऐच्छिक अभ्यासक्रम निवडतो, ही साधी शक्यता आपल्याकडील अनेक शोधनिबंध विचारातही घेत नाहीत.

हेतू घटणे म्हणजे शिक्षण फसणे, असे मानण्याचेही कारण नाही. परळ-लालबागच्या चाळीतील एखादा विद्यार्थी भांडवल, भाडे व उधारी यांचा हिशेब शिकून ‘आत्ता नको’ म्हणत असेल, तर तो काही शिकला आहे. सरासरीच्या तक्त्यात मात्र तो अपयश म्हणूनच नोंदला जातो.

‘जवळच्या माणसांच्या अपेक्षा’ या घटकाचा अर्थ तर या परिसराच्या इतिहासाशिवाय लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील असंख्यांची नोकरी कायमची गेली. त्या घरांच्या पुढच्या पिढ्यांना ‘नोकरी बघ’ हा सल्ला मिळतो, तो मराठी माणसाच्या तथाकथित धंदाद्वेषातून नव्हे, तर बुडालेल्या पगाराच्या आठवणीतून. (धंदाद्वेषाचे हे स्पष्टीकरण इतके सोयीचे आहे की ते तपासण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.) शिवाय याच गिरणगावात कोकण-घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी स्त्रियांनी चालविल्या. किराणा उधारीचा, कर्ज सावकाराचे, वसुली पगाराच्या दिवशी. रोजचा हा व्यवहार कोणत्याही प्रकल्प अहवालाहून सोपा नव्हता. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. गिरगावातही १९५९ मध्ये सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. या स्त्रियांना हेतूची प्रश्नावली दिली असती, तर कदाचित त्यांनी आपल्या कामाला ‘व्यवसाय’ही म्हटले नसते. त्यांना उणीव होती ती निश्चयाची नव्हे. भांडवलाची, पतीची आणि संघटनेची होती.

‘जमेल ही भावना’ आणि प्रत्यक्षात जमण्याजोगी परिस्थिती यांत आयझेन स्वतः भेद करतात. वर्गात पहिलीच जोपासली जाते. गिरण्यांच्या जमिनींवर आज मॉल आणि कार्यालये आहेत. तेथील गाळ्याचे भाडे विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि घर एका खोलीचे असेल तर घरगुती उद्योगालाही जागा नाही. गुमास्ता परवाना कसा काढावा, तारणाविना कर्ज कोण देते, पागडीच्या खोलीत व्यवसाय चालतो काय, हे प्रश्न ‘उद्योजकाचे गुण’ या परीक्षेतील हमखास प्रश्नाच्या उत्तरात बसत नाहीत.

डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या १९६४ मधील काकीनाडा प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली. तेथील प्रशिक्षणार्थी विद्यार्थी नव्हे, व्यावसायिक होते, हेही खरे. तरी प्रशिक्षणानंतर दोनेक वर्षांत त्यांनी प्रत्यक्ष काय केले, याचा माग तेथे घेण्यात आला. आपल्याकडे दुसरी प्रश्नावली सत्राच्या अखेरच्या आठवड्यात, परीक्षेचे अर्ज भरण्याच्या गडबडीत भरून घेतली जाते. पदवीनंतर तीन वर्षांनी कोणी काय केले, कोणी सुरू करून बंद केले आणि कोणत्या कर्जापायी, हे विचारण्यासाठी लागणारे पत्ते माजी विद्यार्थी संघाच्या नोंदवहीत असतात. मूल्यांकन अहवालाच्या वेळापत्रकात त्यासाठी रकाना नसतो.