‘उघडणे’ आणि ‘उतरणे’ : संदेशग्राहींविषयीच्या दोन रूपकांची परीक्षा

शास्त्रीय परिभाषेविषयीचा मराठीतील वाद बहुधा नामांपुरता मर्यादित राहतो. ‘रिसेप्टर’ला ‘ग्राही’ म्हणावे की ‘ग्राहक’, यावर मतभेद होतात. परंतु त्या नामाबरोबर कोणते क्रियापद यावे, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः प्रक्रियेचे आकलन नामापेक्षा क्रियापदावर अधिक अवलंबून असते. पेशीपटलावरील जी-प्रथिनसंलग्न ग्राहींच्या संदर्भात दोन प्रचलित रूपके तपासली, आणि त्यासाठी डहाणू व तलासरी या तालुक्यांत परिचित असलेला विंचूदंश उदाहरणादाखल घेतला, तर हे स्पष्ट होईल.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मानवी शरीरात या कुळातील सुमारे ८०० ग्राही आहेत. प्रत्येकाची प्रथिनशृंखला पेशीपटल सात वेळा ओलांडते. ॲड्रेनॅलिनसारखे द्रव्य ग्राहीला बाहेरून जडते; ते पेशीत शिरत नाही. ते जडताच ग्राहीची ठेवण बदलते. आतील जी-प्रथिन ‘जीडीपी’ हा रेणू सोडून ‘जीटीपी’ स्वीकारते, आणि त्याचे विलग झालेले भाग पेशीतील विकरांना चालना देतात. त्यातून दुय्यम संदेशवाहक रेणू मोठ्या संख्येने निर्माण होतात. पुढे अरेस्टिन हे प्रथिन ग्राहीला चिकटून या व्यापाराला विराम देते. या ग्राहींवरील संशोधनाबद्दल रॉबर्ट लेफ्कोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अध्यापनात रूढ असलेले पहिले रूपक कुलूप-किल्लीचे होय. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये ते विकरांसंबंधी योजिले होते. कोणता रेणू कोठे बसेल, एवढे ते उत्तम सांगते. परंतु ‘उघडणे’ या क्रियापदातून वाट मोकळी होऊन काहीतरी आत गेले, असा ग्रह होतो. आणि तसे येथे घडत नाही. शिवाय एकच ॲड्रेनॅलिन अल्फा-१ ग्राहीमार्फत रक्तवाहिनी आकुंचित करते, तर बीटा-२ ग्राहीमार्फत श्वासनलिका शिथिल करते. म्हणजे परिणामाचा अर्थ किल्लीत साठविलेला नसतो. शब्दाचा अर्थ जसा केवळ ध्वनीत नसून ऐकणाऱ्याच्या भाषाव्यवस्थेत सिद्ध होतो, तसाच हा प्रकार आहे.

दुसरे रूपक लोकभाषेतील. विंचू ‘चढतो’ आणि मांत्रिक तो ‘उतरवितो’. वारली, मराठी व गुजराती कानी पडणाऱ्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांत भगताकडे जाण्याची रीत जुनी आहे. तिला केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणे हे समीक्षेचे काम नव्हे. चढ-उताराच्या या रूपकात काल आणि तीव्रता यांचे भान आहे, जे कुलूप-किल्लीत नाही. दोष आहे तो मोजमापात. चढ-उतार वेदनेवरून ठरविला जातो. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे उघडी ठेवते (येथे ‘उघडणे’ यथार्थ आहे), आणि नॉरॲड्रेनॅलिन व ॲड्रेनॅलिन यांचा पूर लोटतो. अल्फा-१ ग्राही सतत उद्दीपित राहतात. हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साठते. अशा गंभीर रुग्णाची दंशस्थानीची वेदना मात्र पुष्कळदा सौम्य असते. ‘उतरला’ असे ज्या क्षणी म्हटले जाते, तो क्षण धोक्याचाही असू शकतो. क्रियापदाची चूक येथे जिवावर बेतते.

महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांत मोठे असलेले मृत्यूचे प्रमाण पुढे १ टक्क्याच्या आसपास आले. प्राझोसिन विषाला स्पर्शही करीत नाही. ते अल्फा-१ ग्राहीची जागा व्यापते आणि संदेश ऐकूच येऊ देत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली असता रुग्ण लवकर बरे झाल्याचे दिसले. एक उपाय संदेशाच्या उगमावर, दुसरा श्रोत्यावर. ‘उतरविणे’ या एकाच क्रियापदात हा भेद मावत नाही.

मग पर्यायी रूपक कोणते? ते याच भूमीत आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ज्याला चित्रांतून जगभर नेले, त्या वारली तारपानृत्यात वादक मध्यभागी असतो. सूर बदलला की नर्तकांची साखळी दिशा बदलते. वादकाचा श्वास कोणाच्याही पायांत शिरत नाही, तरी सर्व पाय वळतात. जडणारे द्रव्य बाहेर, पालट आत, आणि एका सुरामागे अनेकांची हालचाल, हे तिन्ही विशेष यात येतात. मर्यादाही आहे : नर्तक जाणीवपूर्वक ऐकतो, ग्राहीला जाणीव नसते. परंतु ही उणीव विद्यार्थ्याला एका वाक्यात सांगता येते. ‘उघडणे’ने रुजविलेला ग्रह तितक्या सहज जात नाही.

तात्पर्य, ग्राहीविषयी लिहिताना ‘उघडतो’ऐवजी ‘वळतो’ किंवा ‘पालटतो’ असे लिहावे. आणि विंचूदंशाविषयी पाड्यावर बोलताना ‘दुखणे उतरले का’ एवढेच न विचारता ‘हातपाय गार पडले का, घाम सुटला का’ असे विचारावे. परिभाषेची खरी कसोटी कोशात नव्हे, तर अशा प्रश्नांत लागते.