वाढणारा हात पडद्यावर हवा

अति खाण्यावर विनोदी चित्रपट काढायचा म्हटले की पहिली कल्पना सुचते ती एका लठ्ठ माणसाची. तो खातो, फुगतो आणि शेवटी फुटतो. प्रेक्षक हसतात आणि घरी जाऊन पुन्हा पोट फुटेस्तोवर जेवतात. हा विनोद आम्हाला खोटा वाटतो. तो खरा कसा होईल, याचा विचार आम्ही येथे एका माध्यमाच्या अंगाने करणार आहोत. ते माध्यम म्हणजे कट-आउट अॅनिमेशन. कागदाची माणसे कातरायची, त्यांचे सांधे तारेने किंवा दोऱ्याने जोडायचे आणि ती तसूतसूने हलवत एकेक चित्र टिपायचे. हा चित्रपट कोल्हापुरात व्हावा असे आम्ही धरून चालतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा अभिमान या गावाला आहेच. शिवाय चित्रकाराने पडद्याकडे वळावे ही रीतही येथलीच आहे. बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला, तो याच गावात.

या विषयावरचा जगातला गाजलेला लघुपट म्हणजे पीटर फोल्डेस यांचा 'ला फँ', म्हणजे 'भूक'. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी केलेल्या या अकरा-बारा मिनिटांच्या चित्रपटाला १९७४ मध्ये कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळाले. संगणकाच्या मदतीने केलेल्या पहिल्या काही चित्रपटांत त्याची गणना होते. चित्रकाराने आरंभीचे आणि शेवटचे चित्र काढायचे, मधली चित्रे संगणकाने भरायची, अशी ती पद्धत होती. त्यामुळे पडद्यावरची रेघ पाण्यासारखी वाहते. एक वस्तू दुसरीत विरघळते, माणूस पाहता पाहता अगडबंब होतो. शेवटी उपाशी माणसांची गर्दी त्याला वेढते आणि त्यालाच खाऊन टाकते. हा शेवट अंगावर काटा आणतो. एका ताटात ढीग आणि दुसऱ्या ताटात काहीच नाही, हा हिशेब फोल्डेस चुकवत नाहीत.

तरीही आमची एक तक्रार आहे. त्या माणसाची हाव त्याच्या एकट्याच्या आतून उगवते. त्याचे पोट आपोआप वाढते, कारण रेघच आपोआप वाढते. आपल्याकडे पोट असे आपोआप वाढत नाही. ते वाढवले जाते.

कागद ही गोष्ट नेमकी सांगू शकतो. कातरलेले पोट फुगत नाही. ते मोठे दाखवायचे तर जुने काढून नवे, थोडे मोठे पोट कातरून बसवावे लागते. तीन मिनिटांचा चित्रपट सेकंदाला बारा स्थितींनी धरला, तर २१६० वेळा हात त्या कागदाला लागतो. म्हणजे पात्राचे प्रत्येक पोट दुसऱ्या कोणाच्या तरी कात्रीतून आलेले असते. आमच्या मते या विषयाचे मर्म तेथेच आहे.

आपला दस्तरखान आठवून पाहा. पाहुणा 'बस्स' म्हणून ताटावर हात आडवा धरतो आणि यजमान त्या बोटांच्या फटीतून रस्सा ओततो. 'आमच्या हातचं आवडलं नाही वाटतं?' हा प्रश्न येतो, मग कसम येते, मग आणखी एक बोटी. घरातल्या मामूंना साखरेचा आजार आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण शीरखुर्म्याची वाटी त्यांच्यापुढे सरकतेच. वलिम्यात किती माणसे जेवली यापेक्षा किती देगा उरल्या हे अभिमानाने सांगितले जाते. पोटाचे तीन हिस्से करण्याची हदीस आपण मुलांना शिकवतो, आणि इफ्तारला भज्यांच्या परातीपुढे आपणच ती विसरतो. स्वयंपाकघरात वेगळीच गोष्ट घडते. सर्वांच्या मागून जेवणारी आई, बरकत वाया जाऊ नये म्हणून, भूक नसताना भांड्यातले उरलेले संपवते. तिच्या वाढलेल्या वजनावर हसणारा चित्रपट आम्हाला नको आहे.

या दृष्टीने 'मॉंटी पायथन' मंडळींच्या 'द मीनिंग ऑफ लाइफ' (१९८३) मधला खादाड क्रिओसोट आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कट-आउट चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले टेरी गिल्यम याच मंडळींतले, पण हा प्रसंग नटांनी केलेला आहे. बहुतेकांना त्यात आठवते ते त्याचे फुटणे. आम्हाला आठवतो तो वाढपी. तुडुंब जेवलेल्या माणसाला तो गोड बोलून कागदाइतकी पातळ एकच वडी घ्यायला लावतो आणि मग पळून आडोशाला दडतो. त्या प्रसंगातला काळा विनोद पोटात नाही, त्या अदबीच्या आग्रहात आहे.

आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात एक शंका येईल. बाहेरच्यांच्या व्यंगचित्रांत मुसलमान आधीच हाडके चघळताना दिसतो, त्यात आपणच भर का घालावी? शंका रास्त आहे. पण जो विनोद यजमानाला, म्हणजे आपल्यालाच, पकडतो तो टिंगल ठरत नाही. अशा विनोदाला मुस्लिम जगात जुना आधारही आहे. उस्मानी तुर्कस्तानात रमजानच्या रात्री कॉफीखान्यांतून कारागोझचा खेळ होई. चामड्याची, सांधे जोडलेली रंगीत बाहुली, मागे दिवा, पुढे पडदा. कारागोझ हा कायम कडका आणि भुकेलेला. रोजा सोडून आलेले लोक त्याला हसत असत. चामड्याच्या बाहुल्यांचा असाच खेळ कोल्हापूरहून घाट उतरल्यावर, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी टिकवला आहे. तेथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जर्मनीच्या लॉटे रायनिगर यांनी १९२६ मध्ये 'प्रिन्स अहमद' पूर्ण केला, तोही काळ्या कागदाच्या कातरलेल्या आकृत्यांचा आणि 'अलिफ लैला'च्या कथांवरचा. तेव्हा हे माध्यम आपल्याला परके नाही.

आम्हाला हवा असलेला चित्रपट साधा आहे. कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिका वापराव्यात. त्यांचा सोनेरी छाप तसाच दिसू द्यावा. मध्ये एक पाहुणा, सडपातळ आणि संकोची. चारी बाजूंनी फक्त हात, बांगड्यांचे, अंगठ्यांचे, मेंदीचे. चेहरा एकाही यजमानाचा नको. प्रत्येक वाढणीनंतर पाहुण्याचे पोट बदलावे आणि त्या बदलाचा सांधा लपवू नये. कापलेली कड दिसलीच पाहिजे. 'चल रे भोपळ्या'ची म्हातारी वाघाला सांगते की लेकीकडे खाऊन धष्टपुष्ट होते, मग मला खा. खाऊ घालणे आणि खाल्ले जाणे यांतले अंतर किती थोडे असते, हे मराठी मुलाला त्या गोष्टीतच कळलेले असते. दाराबाहेर एक रिकामे ताट सुरुवातीपासून दिसत राहावे. आतल्या एकाही हाताला ते दिसू नये.

आणि शेवट? पाहुणा फुटू नये. तो एवढा मोठा व्हावा की त्याच्याखाली दस्तरखान झाकला जावा आणि हातांना वाढायला जागाच उरू नये. तरीही पळ्या हवेत तशाच थांबलेल्या दिसाव्यात.

याला फार भांडवल लागत नाही. एक काच, एक दिवा, कात्री आणि खिशातला मोबाइल एवढ्यावर काम होते. अवघड आहे ती गोष्ट दुसरीच. चित्रपट काढणाऱ्याने आधी आपल्या घरच्या दावतीत कोणाला तरी 'नको' म्हणू द्यायला हवे, आणि ते ऐकून पळी मागे घ्यायला हवी. हे ज्याला एकदा जमेल, त्याची कात्री चुकणार नाही.