हॉक्सवर्थचें 'एन्डेव्हर'-वृत्त : एक परीक्षण

जेम्स कूकचें 'एन्डेव्हर' जहाज इ. स. १७७० च्या जूनांत ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत प्रवाळाच्या खडकावर आदळलें, सुमारें तेवीस तासांनीं भरतीवर सुटलें, आणि पुढें एका नदीच्या मुखांत काठास लावून दुरुस्त करण्यांत आलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती सर्वतोमुखीं करणारा जॉन हॉक्सवर्थ याचा त्रिखंडात्मक ग्रंथ लंडन येथें १७७३ सालीं निघाला. मूळ रोजनिशांशीं तो ताडून पाहिला असतां अस्सल कागद आणि बखर यांतील भेदाचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच हातीं लागतो, असें आम्हांस वाटतें.

प्रथम साधनांविषयीं. कूकची स्वहस्तें लिहिलेली रोजनिशी ऑस्ट्रेलिया सरकारनें १९२३ सालीं लंडनच्या लिलावांत घेतली. ती कॅनबेरा येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. १८९३ सालची वॉर्टनची आवृत्ति मात्र जहाजावरील कारकून रिचर्ड ऑर्टन याच्या हातच्या नकलेवरून निघाली. खडकावर आदळण्यापूर्वीं सुमारें तीन आठवडे, हा ऑर्टन दारूच्या अंमलांत निजला असतां कोणीं त्याच्या दोन्ही कानांचे तुकडे कापून नेले होते; अक्षर मात्र शाबूत राहिलें. कूकची अस्सल प्रत मुख्य धरून चिकित्सक आवृत्ति बीगलहोल यानें १९५५ सालीं काढली, आणि जहाजावरील वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याची रोजनिशीही त्यानेंच १९६२ सालीं संपादिली.

आघाताची तारीख कूक ११ जून देतो, बँक्स १० जून. येथें कोणाचीही चूक नाहीं. जहाजावरील दिवस मध्यान्हापासून मध्यान्हापर्यंत मोजीत. म्हणून १० तारखेच्या रात्रीं अकराच्या सुमारास झालेला आघात कूकच्या नोंदींत दुसऱ्या दिवसाच्या सदरांत पडला. आपल्या दप्तरांत सूर्योदयाची तिथि आणि सूर्यास्तापासूनची मुसलमानी तारीख जुळवितांना ज्यांनीं डोकें शिणविलें आहे, त्यांस हें सांगावयास नको.

आतां मुख्य दोष. हॉक्सवर्थनें कूक व बँक्स या दोघांच्या रोजनिशा एकत्र केल्या आणि सर्व मजकूर 'मी' म्हणून कूकच्या तोंडीं घातला. मृत्यु समोर उभा असल्याची जाणीव, होड्यांत सर्वांस जागा नाहीं ही चिंता, शस्त्रांवांचून किनाऱ्यास लागणाऱ्यांपेक्षां बुडणारेच कदाचित् सुखी हा विचार, हीं सर्व बँक्सच्या लेखणींतून उतरलेलीं आहेत. हॉक्सवर्थनें तीं आणखी फुलविलीं. खुद्द कूक त्या रात्रींविषयीं खोली, वारा, नांगर आणि पंप यांचीच नोंद ठेवितो. भरीव 'मी'पेक्षां ही कोरडी नोंदच आम्हांस अधिक बोलकी वाटते.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण. जहाज काठावर घेतल्यावर तळास एक भोंक आढळलें. चारांऐवजीं आठ पंप असते तरी जहाज बुडालें असतें, एवढें तें मोठें होतें. परंतु तें खडकाच्याच एका तुकड्यानें बरेंचसें बुजलें होतें. बँक्स हा तुकडा मुठीएवढा असल्याचें सांगून त्यांत ईश्वरी हात पाहतो. हॉक्सवर्थनें दगड ठेवला आणि ईश्वर वगळला. इतकेंच नव्हे, तर प्रस्तावनेंत याच खडकाचें उदाहरण घेऊन अशा सुटकेस ईश्वराचा विशेष हस्तक्षेप मानूं नये असें प्रतिपादिलें. त्यावरून गहजब उडाला. ग्रंथाबद्दल सहा हजार पौंड मिळविणारा हा लेखक त्याच वर्षीं वारला. मत बाळगण्याचा त्यास अधिकार होता, आणि प्रस्तावनेंत तें त्यानें स्वतःच्या नांवानें मांडलें हें योग्यच. पण दुसऱ्याच्या रोजनिशींतील श्रद्धा गाळून उरलेला मजकूर तिसऱ्याच्या नांवें देण्याचा नव्हे.

आपला मजकूर कूकला वाचून दाखविला होता असा हॉक्सवर्थचा दावा. ग्रंथ छापला गेला तेव्हां कूक दुसऱ्या सफरीवर होता. १७७५ सालीं केप ऑफ गुड होप येथें तो त्याच्या पाहण्यांत आला आणि त्यास मनस्वी खेद झाला. आपणांस हस्तलिखित दाखविलेंच नव्हतें, असें त्याचें म्हणणें.

तथापि हॉक्सवर्थ सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. जहाज हलकें करण्यासाठीं समुद्रांत टाकलेल्या वस्तूंची यादी, म्हणजे सहा तोफा, लोखंडदगडाचें नीरम, पिपें, तेलाचे बुधले, ही त्यानें कूकवरून जशीच्या तशी घेतली आहे. त्या सहाही तोफा १९६९ सालीं फिलाडेल्फियाच्या एका शास्त्रीय संस्थेच्या पथकानें त्याच खडकाजवळून, प्रवाळाच्या थराखालून, वर काढल्या.